२०० तासांची मैत्री



परदेशात ओळखी भरपूर होतात, पण मैत्री काही जमत नाही, अशी तक्रार आपल्यापैकी बरेच जण करतात. मला वाटतं, प्रश्न स्वभावाचा नाही, तासांचा आहे.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात आणि जिवलग मैत्रीला २०० च्या वर. त्यातही एकत्र काम करण्यात गेलेले तास तितकेसे उपयोगी पडत नाहीत. आता आपला हिशोब बघा. संक्रांत, गणपती, दिवाळी आणि एखादं पॉटलक, प्रत्येकी तीन तास. वर्षाचे झाले १२. म्हणजे जिवलग मित्र मिळायला १६-१७ वर्षं! तेवढ्यात एखाद्याचं ग्रीन कार्डसुद्धा येईल :-)

पुण्यात हेच तास अमृततुल्यच्या बाकड्यावर फुकट मिळायचे. कुणी मोजत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ऐन जानेवारीत माझी नोकरी गेली. एच-१बी वाल्यांना ते ६० दिवस काय असतात ते सांगायला नको. रात्र रात्र झोप नाही, आणि आई-बाबांना फोनवर सांगवत नव्हतं. आमच्याच कॉम्प्लेक्समधला एक नागपूरकर रोज जेवणं आटोपली की दारात हजर. "चल बे, चक्कर मारून येऊ." ना सल्ला, ना चौकशी. क्रिकेट, सावजी, बर्फ, काहीही. तिसऱ्या आठवड्यात मीच म्हणालो, "भीती वाटते रे." तो काहीच बोलला नाही, फक्त त्या दिवशी आम्ही आणखी एक चक्कर मारली.

नोकरी ५२ व्या दिवशी मिळाली. झोप त्याच्या बरीच आधी परत आली होती.

जुलियन होल्ट-लनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास, म्हणजे तीन लाखांवर माणसं, एकत्र तपासली. ज्यांची नाती घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. मित्र म्हणजे डॉक्टर नव्हे. मन फारच खचलं तर डॉक्टरकडे जावंच. पण तिथवर सोबत येणारा बहुधा मित्रच असतो.

तेव्हा सणाची वाट कशाला बघायची? आठवड्याला एक तास, काही कारण नसताना. चार वर्षांत २०० पार!

कळावे, लोभ असावा.