मौजे मुलुंड, तालुका कुर्ला

मुलुंड (पूर्व)



सदनिकेच्या करारनाम्यावर आजही ‘मौजे मुलुंड, तालुका कुर्ला’ असे का लिहितात, या तुझ्या शंकेचे मूळ साष्टीच्या इतिहासात आहे. ‘मौजे’ म्हणजे महसुली दफ्तरातील गाव. मुंबई बेटाच्या उत्तरेचा हा भातखाचरांचा आणि मिठागरांचा मुलूख 1534 मध्ये पोर्तुगिजांकडे गेला, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला, 1774 मध्ये इंग्रजांनी बळकावला आणि सालबाईच्या तहाने त्यांच्याकडेच राहिला. महापालिकेची हद्द 1950 मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि 1957 मध्ये बोरिवली-मुलुंडपर्यंत सरकली, तरी दफ्तरातील गावे पुसली गेली नाहीत. 1 ऑक्टोबर 1990 रोजी अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तीन तालुक्यांचा मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. त्याला जिल्हाधिकारी आहे, पण जिल्हा परिषद, म्हणजे ग्रामीण भागाने निवडून दिलेले कारभारी मंडळ, नाही, कारण जनगणनेच्या लेखी येथे एकही खेडे उरलेले नाही.

राजकारणाचे पारडे फिरले ते शिरगणतीने. गिरणी कामगारांच्या 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळीतील खोल्या विकून कितीतरी मराठी कुटुंबे उपनगरांत आली. घाटकोपर-मुलुंडमध्ये गुजराती वस्ती आधीपासूनच दाट होती. 2001 ते 2011 या दशकात शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाखांवरून 31 लाखांखाली उतरली, तर उपनगराची 86 लाखांवरून 93 लाखांपुढे गेली. 2001 च्या शिरगणतीवर आधारलेल्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेपूर्वी दोन्ही जिल्ह्यांच्या विधानसभेच्या 17-17 जागा होत्या, त्या 2009 च्या निवडणुकीपासून शहरात 10 आणि उपनगरात 26 झाल्या. परंतु उपनगराला स्वतःचा आवाज त्याच्या कितीतरी आधी मिळाला होता. गोरेगावच्या बायका रिकामे हंडे घेऊन मोर्चात उतरल्या, त्यांच्या पुढे मृणाल गोरे होत्या. ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनीच त्यांना दिले आणि 1977 मध्ये याच पट्ट्यातून त्यांना लोकसभेत पाठवले. नळाला पाणी येणे हा राजकारणाचा मुख्य प्रश्न ठरू शकतो, हे त्या हंड्यांनी सिद्ध केले.

आरे वसाहतीतील वारल्यांचे पाडे आणि गोराई-मनोरीची कोळी व ईस्ट इंडियन गावठाणे, म्हणजे जुन्या गावांची मूळ वस्तीस्थाने, हीही ‘शहरी’च गणली जातात. ग्रामसभा, म्हणजे गावातील सर्व मतदारांची ठराव करणारी सभा, त्यांना नाही, आणि त्यांची मोजकी मते टॉवरांतील हजारो मतांत मिसळून जातात.

कळावे.

मामा