कला, मिनिट आणि क्लिक

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं आणि आमच्या घरातही नेमबाजी शिरली. नात क्लबच्या रायफलवर १० मीटर एअर रायफल शिकते. गेल्या महिन्यातल्या स्पर्धेत तिचे गुण बरेच घसरले. चिरंजीवांचं म्हणणं, रायफलच बदलू. चांगली रायफल लाखांच्या घरात जाते, म्हणजे कर्ज आलं. मी म्हटलं, आधी टार्गेटची कार्डं दाखवा.

कार्डं वाचायची तर कोनाचं माप कळायला हवं. एका अंशाचे ६० भाग केले की एक मिनिट. आपल्या पंचांगात त्यालाच 'कला' म्हणतात. पूर्ण वर्तुळाच्या ३६० गुणिले ६०, म्हणजे २१,६०० कला. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास केलेल्या ज्यांच्या कोष्टकात त्रिज्या ३४३८ कलांची धरली आहे, कारण २१,६०० कलांच्या परिघाला तेवढीच त्रिज्या येते. संस्कृत शिकताना पाहिलेला हा आकडा म्हातारपणी रायफलच्या निमित्ताने पुन्हा भेटला!

त्याचा सोपा अर्थ असा, की अंतराला ३४३८ ने भागलं की एका मिनिटाची रुंदी मिळते. १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा मोठी. ३०० मीटरवर ८.७ सेंटिमीटर आणि नातीच्या १० मीटरवर फक्त २.९ मिलिमीटर. कोन तोच, पण अंतर वाढेल तशी चूक पसरत जाते.

म्हणूनच दुर्बिणीच्या नॉबवर इंच किंवा सेंटिमीटर नसतात, कोन असतो. बऱ्याच दुर्बिणींत एक क्लिक पाव मिनिटाचा असतो. १०० मीटरवर तो गोळी सुमारे ७ मिलिमीटर सरकवतो, ३०० मीटरवर २२. दुसरं माप मिलचं, म्हणजे अंतराचा हजारावा भाग. १०० मीटरवर एक मिल म्हणजे १० सेंटिमीटर. एका मिलची मिनिटं किती? ३.४३८. आर्यभटाचाच आकडा, फक्त दशांशचिन्ह सरकलं! ऑलिंपिकच्या रायफलला दुर्बीण चालत नाही, पण तिच्या मागच्या साइटलाही दोन नॉब असतात, एक वर-खाली आणि एक डावं-उजवं. हिशेब तोच.

आता कार्डं. पहिल्या कार्डावर पाच भोकं अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, एकमेकांना चिकटून, पण सगळी मध्यापासून ६ मिलिमीटर डावीकडे. म्हणजे साधारण दोन मिनिटं. क्लिक पाव मिनिटाचा धरला तर आठ क्लिक उजवीकडे, की संपलं काम. पुढच्या कार्डांवर मात्र भोकं चारी दिशांना. मी विचारलं, "बाळा, मध्ये काय झालं गं?" म्हणाली, "आजोबा, प्रत्येक गोळीनंतर मी नॉब फिरवत गेले."

मंडळी, सगळी गोम इथेच आहे. गोळ्या एकत्र पडतात पण मध्यापासून लांब, तेव्हा हात बरोबर असतो, साइट सरकवायची असते. गोळ्या विखुरतात तेव्हा नॉबला हात लावायचा नाही, आधी श्वास, उभं राहणं आणि ट्रिगरचं बोट पाहायचं. आणि एका गोळीवरून तर काहीच ठरवायचं नाही. तिच्या प्रशिक्षकांनीही हेच सांगितलं, आधी पाच गोळ्या, मग क्लिक.

रायफलची खरेदी तूर्त थांबली आहे. जी रायफल पाच गोळ्या नखाएवढ्या जागेत टाकते तिला दोष कसला द्यायचा? पण मला पैशांपेक्षा दुसरीच काळजी होती. एका स्पर्धेवरून पोरगी स्वतःला कच्ची समजू लागली होती. वर्गातही हेच दिसायचं. एका चाचणीत मार्क कमी पडले की पालक क्लास बदलायचे, मग शाळा, मग विषय. मुलाचं नेमकं कुठे चुकतंय ते कळायच्या आत नॉब फिरलेला असायचा.

तेव्हा घरात कुणाचा नेम चुकत असेल तर आधी पाच भोकं पाहा. ती एकत्र असतील तर काळजीचं कारण नाही, थोडे क्लिक पुरतात. विखुरलेली असतील तर सराव हवा, आणि तो काही दुकानात मिळत नाही. पाहा पटतंय का.