लुगड्याचं दुपटं

माझ्या माहेरच्या घराखाली कापडाची ठोक दुकानं आहेत. नागपूरच्या गांधीबागेत याचं कुणाला नवल वाटायचं कारण नाही. इथे घरांच्या पायथ्याशी साड्यांचे गठ्ठे, सुटिंगची थानं आणि ड्रेस मटेरियलच असायचं. गावोगावचे दुकानदार इथून माल भरून नेतात. या एवढ्या कापडाच्या राशीवर राहायला आलेल्या माझ्या लेकीच्या अंगाला पहिलं कापड लागलं ते माझ्या आजीच्या विरलेल्या सुती लुगड्याचं. नव्या कापडात खळ असते, ती तान्ह्या जिवाला टोचते, असं आजीचं म्हणणं. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन त्या लुगड्याचा रंग कोणता होता हेही आता सांगता येत नाही. त्याची दुपटी झाली, लंगोट झाले, उरल्यासुरल्याचं टोपरं झालं.

रजेवर निघाले तेव्हा ऑफिसातले म्हणाले होते, “मजा आहे, सहा महिने आराम!” आरामाचं काय सांगावं! नवजात बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं असं डॉक्टर सांगतात, आणि ते खोटं नाही. फक्त ही झोप सलग थानात मिळत नाही, कटपीसमध्ये मिळते. मध्येच पाजा, ढेकर काढा, बदला, पुन्हा पाजा. त्यात पावसाळा. दुपटी वाळायचं नाव घेत नाहीत. घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर लंगोट, आणि त्यांच्याखालून वाकून जाणारे माझे बाबा, जे आयुष्यात कुणापुढे वाकले नाहीत.

पहिले आठवडे मला रडू यायचं, कारण नसताना. हे लिहायला हवं, कारण बाळंतिणीने हसतमुखच असावं अशी एक सक्ती आपल्याकडे असते, आणि डिंकाचे लाडू खाऊन ती पाळता येत नाही. रडू थांबतच नसेल तर डॉक्टरांना सांगावं. माझं थांबलं. त्यात मालीश करायला येणाऱ्या मावशींचा वाटा मोठा. बाळ झोपलं की मी मोबाइल घेऊन ऑफिसच्या मेल चाळत बसायचे. एकदा त्यांनी पाहिलं. “काहून जागी हायेस माय? लेकरू निजलं का आपुनबी निजावं,” एवढंच म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावर तेल थापलं. टाळूवर तेल बाळाच्या घालतात हे ठाऊक होतं. आईच्याही टाळूला ते लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मावशी, आजी आणि आमचे बालरोगतज्ज्ञ यांच्यात मात्र उघड युद्ध होतं. घुटी नको, काजळ नको, शेगडीचा धूर तर मुळीच नको, असं डॉक्टरांनी बजावलं. आजीला हे पटलं नाही. शेवटी तह असा झाला की ओव्याची धुरी बाळाला नाही, वाळत घातलेल्या दुपट्यांना द्यायची. त्यामुळे माझ्या मुलीला अजूनही दूध, तेल आणि ओवा असा वास येतो. मी तासन्‌तास तो घेत बसते. याहून उपयोगी काम मी या रजेत केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

नवजात बाळाला वीसतीस सेंटिमीटरपलीकडचं धड दिसत नाही. म्हणजे पाजताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो, जवळपास तेवढंच तिचं जग. त्याच्या पलीकडे गांधीबाग आहे, सेंट्रल अव्हेन्यूवरची मेट्रो आहे, हमालांचं “बाजू, बाजू” आहे, याचा तिला पत्ता नाही. मलाही हळूहळू राहिला नाही. रात्री दोनला तिला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी राहते तेव्हा खाली शटरं बंद, हातगाड्या साखळीने बांधलेल्या, भिजलेल्या खोक्यांवर कुत्री. दिवसा इथे पाय ठेवायला जागा नसते. इतकी वर्षं या गल्लीत धंदा केलेल्या शेठजींनीही ही गांधीबाग पाहिली नसेल. ती पाहायला चौकीदार तरी असावं लागतं, नाहीतर बाळंतीण. दीड महिन्याची झाल्यावर एका अशाच अपरात्री ती माझ्याकडे बघून हसली. झोपेतलं हसू नव्हतं, चांगलं ओळखून हसली. ते बघायला घरातलं दुसरं कुणीही जागं नव्हतं, याचा मला अजून आनंद होतो. फार स्वार्थी आनंद आहे, पण आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीकडून ढोलताशांचा आवाज आला. काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे निघाले होते. गावावरची रोगराई तिने बाहेर घेऊन जावी म्हणून नागपूर एकोणिसाव्या शतकापासून तिला मिरवतंय. आजीने बाळाला गॅलरीत नेलं आणि आवाजाच्या दिशेने तिच्यावरून बोटं मोडली.

त्या दिवशी आजी मला एक जुनी गोष्ट सांगत होती. गांधीसागर तलावाच्या बाजूला, आता जिथे मॉल आहे, तिथे एम्प्रेस मिल होती, जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली. आजीच्या आईच्या ओळखीच्या बायका तिथे कामाला जायच्या. बाळंतपण झालं की लगेच परत, नाहीतर मजुरी बुडाली. मुंबईच्या गिरण्यांत तर तान्ह्या बाळांना अफूची गोळी देऊन कामावर जावं लागे, हे त्या काळच्या सरकारी अहवालांतच नोंदलेलं आहे. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला आणि १९३० मध्ये आपल्या मध्य प्रांतात. एम्प्रेस मिलमध्येच काम केलेल्या राधाबाई कांबळे यांनी १९२९ मध्ये शाही कामगार आयोगापुढे साक्ष दिली होती. देशभरासाठी १९६१ चा कायदा आला, बारा आठवड्यांचा. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवडे मिळू लागले. बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं म्हणतात, त्याचा हिशेब या सव्वीस आठवड्यांत बसतो. माझ्या दुपारी, माझ्या अपरात्री, ते हसू, सगळं या हिशेबातलं आहे.

आमच्या खालच्या एका दुकानात साड्या दाखवणारी एक मुलगी आहे. तिचं आणि माझं बाळंतपण मागेपुढेच झालं. ती केव्हाच कामावर परतली. दुपारी तिची सासू बाळाला घेऊन येते आणि ती गठ्ठ्यांच्या आडोशाला बसून पाजते. कायदा दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांना लागू होतो, आणि तिच्या दुकानात तेवढी नाहीत.

शेठजी, तुमच्याकडे बाहेरगावच्या दुकानदारांची उधारी महिनोन्‌महिने थांबते, आणि ती तुम्ही चहा पाजून चालवून घेता. कामावरच्या एखाद्या मुलीच्या सव्वीस आठवड्यांचा पगारही तसा चालवून पाहा. गल्लीतल्या चार दुकानांनी मिळून वाटून घेतला तर कुणालाच फार जड जाणार नाही.