महागडी केबल आणि श्रवणाचा विश्वास

ध्वनिवर्धक, म्हणजेच ॲम्प्लिफायर, आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या केबलचे काम विद्युत-संदेश कमीत कमी हानीसह पोहोचवणे एवढेच असल्यामुळे तिचे मोल प्रथम रोधावरून, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यावरून, ठरवले पाहिजे. घरगुती वायरिंगमध्ये वापरली जाणारी 2.5 चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार पाच मीटर अंतरासाठी घेतली, तर जाण्यायेण्याच्या मार्गाचा एकूण रोध सुमारे 0.07 ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो एक टक्क्याहूनही कमी असून त्यामुळे आवाजात पडणारी घट कानाला जाणवण्याजोगी नसते. चांदी तांब्यापेक्षा अधिक सुवाहक खरी, परंतु तो फरक सुमारे सहा टक्क्यांचाच असून किंचित जाड तांब्याने तो सहज भरून निघतो.

तरीही महाग केबल जोडल्यावर संगीत खुलल्याचा अनुभव अनेक रसिक प्रामाणिकपणे सांगतात, कारण श्रवण केवळ कानाने घडत नाही. अपेक्षा, मोजलेली किंमत आणि विक्रेत्याचा शब्द यांचाही त्यात वाटा असतो. म्हणूनच अंध चाचणीला, म्हणजे कोणती केबल जोडली आहे हे ऐकणाऱ्याला कळू न देता घेतलेल्या परीक्षेला, महत्त्व आहे. जादूगार व संशयवादी जेम्स रँडी यांनी 2007 मध्ये अशा चाचणीत महागड्या केबलचा फरक ओळखून दाखवणाऱ्यास दहा लाख डॉलर देऊ केले होते. ते बक्षीस कोणालाही मिळाले नाही.

लांब अंतर किंवा मायक्रोफोनचा क्षीण संदेश असेल तेथे जाड तार आणि उत्तम आवरण यांवरचा खर्च सार्थ ठरतो. त्यापलीकडचा पैसा रसिकांनी चांगले स्पीकर, खोलीची ध्वनिरचना आणि प्रत्यक्ष मैफली यांसाठी राखावा.