घरची शुभवार्ता

आमच्या देवळाची घंटा आंजेलुससाठी दिवसातून तीन वेळा वाजते. पहाटे, भर दुपारी आणि तिन्हीसांजेला. वाडीत काम करणारी जुनी माणसे अजूनही क्षणभर हात थांबवतात, कपाळाला बोटे लावतात, त्यांचे ओठ हलतात आणि मग पुन्हा विळा चालू लागतो. ही घंटा काय सांगते, असे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना विचारतो, तेव्हा एक उत्तर हमखास येते: "जेवायची वेळ झाली!" वर्ग हसतो, मीही हसतो. मग मी त्यांना सांगतो, की बाळांनो, ही घंटा रोज तीनदा एकच बातमी देते. नाझरेथ गावच्या एका मुलीला बाळ होणार आहे, ही ती बातमी.

मुलांना मोठे नवल वाटते. मोठ्यांनाही वाटावे. जगभरच्या देवळांतून शतकानुशतके जी वार्ता घंटेने सांगितली जाते, ती एका स्त्रीला दिवस गेल्याची वार्ता आहे.

सेमिनरीत आम्हाला ग्रीक भाषेचे प्राथमिक धडे होते. त्या धड्यांतले पुष्कळसे आता पुसट झाले असले, तरी 'युआंगेलियोन' हा शब्द मनात पक्का राहिला. शुभवार्ता, सुवार्ता, शुभवर्तमान, काहीही म्हणा. हा शब्द ख्रिस्ती लेखकांनी नव्याने घडवलेला नाही. आजच्या तुर्कस्तानातील प्रियेने या प्राचीन नगरात इ. स. पूर्व ९ मधील एक शिलालेख सापडला आहे. सम्राट ऑगस्टसच्या जन्मदिवसाच्या संदर्भात त्यात याच शब्दाचे अनेकवचन वापरले आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात या अर्थाचे क्रियापद पहिल्यांदा येते ते मंदिरात धूप जाळणाऱ्या वृद्ध जखऱ्याच्या प्रसंगी. तुझ्या म्हाताऱ्या पत्नीला मूल होणार, ही शुभवार्ता सांगायला मला पाठवले आहे, असे देवदूत त्याला म्हणतो. आपल्या घरांतून आजही म्हणतात, "गोड बातमी आहे हो!" या साध्या बोलण्यात आणि त्या ग्रीक शब्दात फारसे अंतर नाही.

ही गोड बातमी सांगायची कशी, हा प्रश्न अलीकडे तरुण जोडप्यांना फार पडतो. मिस्सा संपल्यावर सॅक्रिस्टीच्या दाराशी घुटमळणारे एखादे जोडपे दिसले, की मला अंदाज येतो. "फादर, आभाराची मिस्सा सांगायची होती," एवढेच ते म्हणतात आणि दोघेही एकमेकांकडे पाहून हसतात. १९८४ साली रोमहून प्रसिद्ध झालेल्या आशीर्वादविधींच्या ग्रंथात प्रसूतीपूर्वी मातेला द्यावयाचा आशीर्वाद आहे. तो द्यायला मला मनापासून आवडते. मग बोलता बोलता ती मुलगी विचारते, "घरी सगळ्यांना कसे सांगू? काहीतरी वेगळे करायचे आहे." कोणी सोनोग्राफीचे चित्र चौकटीत घालून भेट देते, कोणी केकवर लिहून घेते, कोणी लोकरीचे इवलेसे मोजे डब्यात ठेवते, कोणी सासू-सासऱ्यांचे चेहरे टिपण्यासाठी मोबाइल लपवून ठेवते. मी या हौसेला नाक मुरडत नाही. आनंद झाला की तो नटवावासा वाटतो, हा मानवी स्वभाव आहे. परंतु इतक्या वर्षांत इतक्या घरांतून वावरल्यावर मला एक गोष्ट दिसून आली आहे. बातमी सांगण्याची रीत जेव्हा ऐकणाऱ्याला पाहून ठरते, तेव्हाच ती त्याच्या मनात उतरते. सांगणाऱ्याच्या हौसेपुरतीच ती ठरली, तर ऐकणारा तमाशातला पाहुणा होऊन बसतो.

आमच्या धर्मग्रामातील एका वयस्क जोडप्याला त्यांच्या परदेशस्थ मुलाने कुरिअरने एक खोका पाठवला. आत मोज्यांची एक जोडी, अंगठ्याएवढी. दुसरे काही नाही. आजोबांनी ते मोजे उलटसुलट पाहिले, शेजारच्या तीन घरी चौकशी केली आणि पार्सल चुकून आले म्हणून परत करायला छत्री घेऊन निघाले. वाटेत मला भेटले. खोक्यावरचे मुलाचे नाव वाचून मी म्हटले, "आजोबा, हे परत नका करू. जरा बसा आणि मुलाला फोन लावा." पुढे काय झाले ते सांगायला नको. आजोबा रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून डोळे पुसत होते आणि पलीकडून मुलगा विचारत होता, "बाबा, कळले का नाही तुम्हांला?" मोज्यांनी जे सांगितले नाही ते मुलाच्या आवाजाने सांगितले.

याउलट, एका विधवा मातेच्या मुलाची गोष्ट. त्याने कसलाही बेत आखला नव्हता. रविवारी जेवणे झाल्यावर तो सहज म्हणाला, "आई, माळ्यावरचा पाळणा खाली काढू का? वाळवी लागली असेल तर सुताराला दाखवायला हवा." आई काही बोलली नाही. उठली, ओले फडके घेऊन आली आणि शिडीखाली उभी राहिली. त्या पाळण्यात तो स्वतः वाढला होता. त्या माउलीने मला हे सांगितले तेव्हा बाळ चार महिन्यांचे झाले होते आणि त्याच पाळण्यात झोपले होते.

आपल्या जुन्या माणसांना ही कला उपजत होती. मी नऊ-दहा वर्षांचा असताना शेजारच्या एका आजींना वाचता येत नसे, म्हणून त्यांची पत्रे वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. त्यांचा मुलगा आणि सून नोकरीसाठी मुंबईत. सुनेने आंतरदेशीय पत्रात पाऊसपाणी, रेशन, चाळीतले नळ, सगळे लिहिले होते आणि शेवटी एक ओळ होती, की नाताळपर्यंत घरात एक पान जास्त मांडावे लागेल. मी भराभर वाचून मोकळा झालो. आजी म्हणाल्या, "शेवटचे पुन्हा वाच." मी वाचले. "अजून एकदा." तिसऱ्या वेळेस त्यांनी पदर डोळ्यांना लावला. कोण पाहुणा येणार आहे ते मला कळले नाही. पण पत्र वाचणाऱ्या पोराला कळू नये आणि ऐकणाऱ्या सासूला कळावे, इतके ते वाक्य बेतून लिहिलेले होते, हे मला आता उमगते.

महाराष्ट्रात चोरचोळीची चाल आहे. गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास घरच्या चार बायका सुनेला गुपचूप चोळी देतात, ओटी भरतात. गाजावाजा नाही, पाहुणे नाहीत. डोहाळजेवणाचा थाट पुढे सातव्या महिन्यात. संत लूक सांगतो, की एलिझाबेथही पहिले पाच महिने एकांतात राहिली. या सावधपणाला कोणी भाबडी समजूत म्हणेल. परंतु वैद्यकशास्त्रही सांगते, की निदान झालेल्या गर्भधारणांपैकी सुमारे १० ते २० टक्के पूर्णत्वास जात नाहीत आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच संपतात. आईच्या हातून काही चुकले म्हणून नव्हे. बहुतांशी गर्भाच्या घडणीतच दोष असतो म्हणून. ज्यांनी आनंदाची बातमी पहिल्याच आठवड्यात दोनशे जणांना कळवली, त्यांना दुःखाची बातमीही दोनशे जणांना कळवावी लागते. "आता कितवा महिना?" या प्रश्नाला उत्तर देताना एका तरुणीचा चेहरा मी पाहिला आहे. म्हणून कोणी विचारले तर मी सांगतो, की दुःखाच्या प्रसंगी जी माणसे आपल्याजवळ असावीत असे वाटते, त्यांनाच आधी सांगा. ती माणसे दोन असतील, चार असतील. बाकीचा गाव थांबू शकतो.

आणि एक व्यक्ती अशी असते, जिला सर्वांच्या आधी आणि सर्वांपासून वेगळे सांगावे लागते. एका घरात दोन सुना. थोरलीच्या लग्नाला नऊ वर्षे झालेली, तीनदा कूस उजवता उजवता राहिलेली. धाकटीला लग्नानंतर वर्षभरातच दिवस गेले. घरच्यांनी ठरवले, की नवऱ्याच्या वाढदिवशी सगळ्यांसमोर केक कापून जाहीर करायचे. धाकटीने ते मानले, परंतु आदल्या दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना, ती थोरलीच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "ताई, उद्या सगळ्यांना सांगणार आहेत. तुम्हांला गर्दीत कळू नये म्हणून मी आज आले. तुम्हांला रडू आले तर रडा, मला राग येणार नाही." थोरली रडली. दोघीही रडल्या. दुसऱ्या दिवशी केक वाटायला थोरलीच पुढे होती. हे मला थोरलीनेच सांगितले आणि तिच्या संमतीनेच मी लिहितो आहे. "फादर, तिने मला एक रात्र दिली," असे ती म्हणाली. ऐकणाऱ्याला स्वतःचे मन सावरायला दिलेली ती एक रात्र मला कोणत्याही शोभिवंत भेटीपेक्षा मोलाची वाटते.

परदेशातून आलेल्या एका रिवाजाबद्दलही लिहिले पाहिजे, कारण आपल्या मुलांनी तो मोबाइलवर पाहिलेला असतो. २००८ साली अमेरिकेतल्या एका लेखिकेने केक कापला, आतला रंग गुलाबी निघाला आणि मुलगी होणार हे पाहुण्यांना कळले. पुढे त्याचे पेव फुटले. रंगीत धूर, फटाके, स्फोट. ५ सप्टेंबर २०२० रोजी कॅलिफोर्नियात अशाच एका समारंभातील धुराच्या नळकांड्याने वणवा पेटला. २२ हजारांहून अधिक एकर जमीन त्याने व्यापली आणि आग विझवणाऱ्या एका जवानाचा त्यात बळी गेला. ज्या लेखिकेने हे सुरू केले, तिनेच २०१९ साली या प्रकाराबद्दल जाहीर खेद व्यक्त केला होता.

"आपल्याकडे असे का करत नाहीत?" असे एका मुलाने मला विचारले. आपल्याकडे तो गुन्हा आहे, आणि त्यामागे मोठी वेदना आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वप्रथम, कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली संमत झाला, १९९६ पासून लागू झाला आणि २००३ साली अधिक कडक करण्यात आला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८९४ राहिल्या. ज्या भूमीत मुलीची चाहूल लागली म्हणून गर्भ संपवले गेले, तिथे गुलाबी आणि निळ्या फुग्यांचा खेळ निरागस राहत नाही. आपल्या घरी बातमी बाळाची असावी. ते मुलगा आहे की मुलगी, हे त्यानेच जन्मल्यावर सांगावे.

मरियेने ही बातमी कशी सांगितली, याचा विचार मी ३१ मेच्या भेटीच्या सणाला दरवर्षी करतो. नाझरेथ ते यहूदाचा डोंगराळ प्रदेश म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरची वाट. ती लगबगीने गेली. दारात उभी राहून तिने केवळ नमस्कार केला. आपल्याला दिवस गेले आहेत, असे तिने म्हटल्याचे लूक लिहीत नाही. एलिझाबेथनेच ते ओळखले आणि तिला धन्य म्हटले. "कितवा महिना? योसेफला ठाऊक आहे का? लोक काय म्हणतील?" अशी एकही चौकशी तिने केली नाही. योसेफला हे कोणी आणि कोणत्या शब्दांत सांगितले, हे मत्तयने लिहिलेले नाही. त्याची रात्र मात्र लिहिली आहे, त्याचे स्वप्न लिहिले आहे आणि सकाळी उठून त्याने मरियेला घरी आणले, हेही लिहिले आहे.

वाचकहो, गोड बातमी सांगण्याचे अर्धे काम ऐकणाऱ्याकडे असते. तुमच्या घरी उद्या सून हळूच जवळ येऊन बसली, मुलीचा फोन आला आणि ती थोडी गप्प राहिली, तर घाई करू नका. तिला तिच्या रीतीने सांगू द्या, मोज्यांनी, पाळण्याने किंवा नुसत्या हसण्याने. ती सांगून झाली, की मुलगा होवो असे म्हणू नका, तारीख विचारू नका, शेजारी धावू नका. तिच्या डोक्यावर हात ठेवा आणि विचारा, "पोरी, तू जेवलीस का?"