बिनचिठ्ठीचा दगड

जळगाव जिल्ह्यातलं आमचं सावदा म्हटलं की केळी. आमच्या स्टेशनातून रेल्वेनं दिल्लीकडे जाणारी. पण परदेशातल्या खनिजसंग्राहकांना सावदा ठाऊक आहे ते दगडांपायी, हे मला शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यावर कळलं.

त्या ओढीनं ओळखीच्या एका खडीवाल्याच्या खदानीवर जाऊ लागलो. सुरुंग उडाला की घट्ट काळा दगड क्रशरकडे जातो. भोकाभोकांचा दगड त्याच्या लेखी बिनकामाचा. "सर, तुमचा माल तिकडे पडलाय," म्हणत तो बाजूच्या ढिगाकडे हात करतो.

एका धोंड्यात ओंजळ मावेल एवढी पोकळी निघाली. आतून निळसर करड्या कॅल्सेडनीचं अस्तर. त्यावर गुलाबी-नारिंगी स्टिल्बाइट, मधोमध आवळून बांधलेल्या पेंढ्यांसारखं. त्यांच्या बेचक्यात अ‍ॅपोफिलाइटचा एक पाणीदार, टोकदार स्फटिक. छिन्नीवाल्या दादांनी कडेकडेनं टवके काढत ती अख्खी वाटी मोकळी केली आणि वाळक्या केळपानांत गुंडाळून हातात दिली.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची ही जागा. लाव्हा थिजल्यावर खडकातून पाणी झिरपत राहिलं आणि खडकातलंच सिलिका, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम विरघळवून पोकळ्यांमध्ये बसवत गेलं. स्टिल्बाइट हे झिओलाइट गटातलं खनिज. त्याच्या जाळीदार रचनेत वजनाच्या सुमारे १७ टक्के पाणीच असतं. वर्गात एक फुटका तुकडा परीक्षानळीत तापवला, तर वरच्या काचेवर थेंब जमले. "सर, दगडाला घाम फुटला!" पोरं ओरडली. स्वीडनचा खनिजशास्त्रज्ञ क्रॉनस्टेट यानं १७५६ साली असंच खनिज तापवलं, ते फसफसताना पाहिलं आणि या गटाची वेगळी ओळख करून दिली.

असे नमुने व्यापाऱ्यांमार्फत पार अमेरिकेतल्या टूसॉनच्या खनिज-प्रदर्शनापर्यंत जातात. आपली संपत्ती चालली, असं काहीजण हळहळतात. मला ते पटत नाही. कुणी उचललं नाही तर हा ढीग कुठल्यातरी भरावात गडप होणार. माझी तक्रार वेगळी आहे. नाशिकचा, पुण्याचा, जळगावचा माल एका खोक्यात पडतो आणि वाटेत गाव पुसलं जातं. कुठली खदान, किती खोली, सोबत काय सापडलं, हे कळलं तरच खडकाची घडण उलगडते.

म्हणून आमच्या शाळेच्या कपाटात दगड शिरण्याआधी मुलं चिठ्ठी लिहितात. बिनचिठ्ठीचा दगड कितीही चमको, तो बागेच्या वाफ्याला कडेनं लावायचा, हा नियम.