अर्ध्या तासाचं कलम

गेल्या आषाढात एका मुलीने माझ्या सतराव्या कलमावर पेन्सिलीने फुली मारली. तेव्हापासून मी एकाही संस्थेची घटना पुरी केलेली नाही.

मुलगी कल्याण-कसारा मार्गावरच्या आमच्या खडवलीकडचीच, भातसाकाठच्या एका पाड्यावरची. कल्याणला कॉलेजात जाते. पाड्यावरच्या तेवीस बायकांनी मुलांसाठी अभ्यासिका आणि वाचनालय काढायचं ठरवलं, त्याची नोंदणी करायची म्हणून ती माझ्याकडे आली. मी ठाण्याला एका वकिलांकडे एकोणतीस वर्षं काम केलं, सगळं ट्रस्टचं. निवृत्त झाले तरी लोक घटना लिहून घ्यायला घरी येतात. हिला मात्र मी म्हटलं, लिहून देणार नाही, तू लिही, मी तपासते. विधानपत्र तिने नीट लिहिलं. उद्देश चारच ठेवले, त्याचं मला कौतुक वाटलं. नियमावलीसाठी मी तिला माझी जुनी प्रत दिली. सतरावं कलम सोडून बाकी सगळं तिने उतरवून आणलं, आणि माझ्या प्रतीवर त्या कलमावर ही फुली.

कलम सगळ्यांच्या ओळखीचं आहे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी व त्याच विषयांसाठी घेण्यात येईल आणि अशा तहकूब सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीच्या फळ्यावर, कुठल्याही मंडळाच्या अजेंड्याच्या तळाशी हे वाक्य सापडतं. लोक ते वाचतही नाहीत.

"मावशी, हे कलम आमच्या आयांना सभेत बसूच देणार नाही," ती म्हणाली.

"ते कसं?"

"सहा जणी कल्याण-ठाण्याला कामाला जातात. सभा संध्याकाळची ठेवली आणि एक कसारा गाडी चुकली, की पुढची येईपर्यंत अर्धा तास जातोच. मधल्या बऱ्याच गाड्या टिटवाळ्यालाच संपतात. वर स्टेशनवरून पाड्यापर्यंत चालायचं. त्या पोचतील तेव्हा तुमची तहकूब सभासुद्धा उठलेली असेल."

एकोणतीस वर्षं मी त्याच गाडीने आले-गेले. टिटवाळ्याला गाडी रिकामी झाली की फलाटावर उभं राहून मागून येणाऱ्या कसाऱ्याची वाट पाहणं हा माझ्या आयुष्याचा केवढा तरी भाग आहे. त्या फलाटावर पिशवीत घटनांचे मसुदे घेऊन मी उभी असायची, आणि त्या मसुद्यातला अर्धा तास म्हणजे ही एक गाडी, हे मला कधी सुचलं नाही.

या कलमावर माझा जीव होता, हे सांगायलाच हवं. मी पहिल्यांदा घटना लिहिली तेव्हा त्यात तहकूब सभा आठ दिवसांनी होती. एका संस्थेचे अध्यक्ष वैतागले, आठ दिवसांनी पुन्हा चहा आणि खुर्च्यांचा खर्च कोण करणार म्हणाले. मी ते अर्ध्या तासावर आणलं. आमच्या वकीलसाहेबांनी मसुदा वाचून मान डोलावली. त्या मान डोलावण्यासाठी मी पुढची वीस वर्षं तेच कलम लिहीत राहिले. त्यातले 'व त्याच विषयांसाठी' हे शब्द माझे आहेत. इतरांच्या घटनांत ते नसत, त्यामुळे तहकूब सभेत कोणीही आयत्या वेळी कुठलाही ठराव घुसवायचा. माझ्या घटनेत ते जमत नसे. दुसऱ्या वकिलांकडच्या लोकांनी ते शब्द उचलले तेव्हा मला राग येण्याऐवजी आनंद झाला. कोणाच्याही घटनेत ते दिसले की वाटायचं, हे माझ्या हातचं आहे.

कलम वाईट आहे असंही मला म्हणता येत नाही, आणि अडचण तिथेच आहे. ज्या घटनांत ते नाही त्या संस्थांचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. एक-तृतीयांश गणपूर्ती लिहिलेली असते, सभासद साठ असतात, सभेला नऊ येतात. सभा तहकूब, पुन्हा बोलावली, पुन्हा नऊ. मग सभाच होत नाही. निवडणूक नाही म्हणून धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट नाही. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 22 प्रमाणे बदल घडल्यापासून 90 दिवसांत कळवायचा असतो, इथे वीस-वीस वर्षं काहीच कळवलेलं नसतं. परिशिष्ट एकचा उतारा काढावा तर सात विश्वस्तांपैकी पाच वारलेले. बँक सह्या मानत नाही. देणगीदार विचारतो की अध्यक्ष कोण, तर कागदावरचा अध्यक्ष स्मशानात जाऊन दहा वर्षं झालेली. अशा संस्थांचे वारस-दाखले, मृत्यू-दाखले गोळा करत मी कितीतरी गावांत फिरले आहे. वाचनालयाच्या कपाटाला वाळवी लागते आणि कपाट उघडायचा अधिकार कोणालाच नसतो. त्यापेक्षा नऊ माणसांनी सभा चालवली तर काय बिघडलं, असं मला वाटायचं. अजूनही निम्मं मन तेच म्हणतं.

पण आमच्याच मार्गावरचं एक छोटं वाचनालय आहे. नाव सांगत नाही. त्याची घटना माझी. एकसष्ट सभासद, म्हणजे गणपूर्ती एकवीस. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पावसाळ्यात वार्षिक सभा लागली, विषयपत्रिकेवर नव्या कार्यकारी मंडळाची निवड. त्या सकाळी गाड्या उशिरा धावत होत्या. सभेला पाच जण आले. सभा तहकूब केली, अर्धा तास थांबले, पाचांनी पाच जणांना निवडून दिलं आणि पुढे वाचनालयाची खोली शिकवणीवर्गाला दिली. सूचक-अनुमोदक, हजेरीपट, इतिवृत्त, सगळं चोख. बाकीचे पोचले तेव्हा खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या.

चेंज रिपोर्ट आमच्याकडेच आला आणि तो मीच टाईप केला. वाचनालय ज्यांनी उभं केलं त्या ग्रंथपालांनी हरकत घेतली. त्यांच्या वकिलांनी उलटतपासणीत सतराव्या कलमाची चिरफाड करायचा प्रयत्न केला. विषय तोच होता का? होता. जागा तीच? तीच. नोटीस पोचली होती का? सह्यांची वही हजर. कलम हललं नाही. मी मागच्या बाकावर बसून ते ऐकत होते आणि मला अभिमान वाटत होता. माझं वाक्य एका हुशार वकिलाला भेदता आलं नाही, एवढंच त्या वेळी माझ्या डोक्यात होतं. पुढे निकाल पाच जणांच्या बाजूने लागला. त्यानंतर काही दिवसांनी ग्रंथपाल मला ठाणे स्टेशनच्या पुलावर भेटले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत वाचनालयाची दाखलनोंद वही, नव्या मंडळाच्या ताब्यात द्यायला निघाले होते. त्यांनी ती काढून मला दाखवली. पहिल्या पुस्तकापासून प्रत्येक नोंद त्यांच्या अक्षरात, निळी शाई, किमतीच्या रकान्यात आणे-पैशांपासून. त्यांनी मला काही बोल लावला नाही. त्या वहीचं पहिलं पान मला आजही जसंच्या तसं आठवतं, आणि तरीही त्यानंतर मी सतरावं कलम बारा-पंधरा घटनांत घातलं.

ज्या कायद्याखाली आपण या संस्था नोंदतो तो 1860 चा आहे. त्यानंतर चारच वर्षांनी, 1864 साली, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय निघालं. आमच्या भागातल्या जुन्या संस्थांचं वय साधारण या कायद्याएवढं आहे. त्या कायद्याचं बारावं कलम मी शेकडो वेळा वापरलं असेल. संस्थेचा उद्देश बदलायचा तर प्रस्ताव लेखी हवा, विशेष सभेच्या दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे पोचायला हवा, सभेत तीन-पंचमांश मतं हवीत, आणि त्यानंतर एक महिन्याने दुसरी विशेष सभा भरवून तिथे पुन्हा तीन-पंचमांश. तार नव्यानेच आलेली, रेल्वे जेमतेम कल्याणपुढे सरकत होती, तेव्हाच्या माणसांनी सभासदाला विचार करायला एक महिना दिला. आम्ही अर्धा तास देतो. उद्देश बदलणं आणि मंडळ निवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत आहे. पण मंडळ बदललं की उद्देश न बदलताही संस्था बदलते. कागदावर वाचनालय राहतं आणि खोलीत शिकवणी चालते.

पुण्याच्या सार्वजनिक सभेची आठवण मला या संदर्भात नेहमी येते. 1870 साली ती स्थापन झाली तेव्हा सभासद व्हायला किमान पन्नास लोकांनी सही केलेलं मुखत्यारपत्र आणावं लागे. केवढी मोठी कल्पना! सभेत बसणारा एकटा बसत नसे, त्याच्या मागे पन्नास माणसं असत. मला हे वाक्य घटनेत लिहिणाऱ्याचा हेवा वाटतो. पण त्याच सभेच्या 1895 सालच्या निवडणुकीत टिळकपक्षाचं बहुमत आलं, आणि रानडे-गोखल्यांच्या मंडळींना पुढच्या वर्षी डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढावी लागली. एवढी मोठी माणसं, एवढा मोठा विचार, तरी शेवटी कोणाची माणसं सभेला जास्त आली यावर सगळं ठरलं. कोणाची बाजू बरोबर होती या वादात मला पडायचं नाही. खुर्च्या मोजून संस्था कोणाची ते ठरतं, हे मला त्यातून दिसतं, आणि खुर्च्या कधी मोजायच्या ते घटना लिहिणारा ठरवतो.

हल्ली घटना लिहिणारा कोणी उरलेला नाही, ही माझी खरी तक्रार आहे. नोंदणी, पॅन, आयकर-सवलतीचे कागद असं सगळं मिळून पॅकेज मिळतं. फोनवर पीडीएफ येते, संस्थेच्या नावाची जागा तेवढी भरायची. उद्देश चाळीस-चाळीस, रक्तदानापासून गोशाळेपर्यंत. मी एकदा एका बालवाडीच्या घटनेत मच्छीमारांच्या कल्याणाचं कलम पाहिलं. आधीच्या गिऱ्हाइकाचं तसंच राहून गेलं होतं. संस्थेतल्या सातही जणांनी त्याखाली सह्या केल्या होत्या, वाचलं कोणीच नव्हतं. असं काम करणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं नावं ठेवली. त्यांनी माझंच सतरावं कलम उतरवलेलं आहे, आणि ते सगळ्यांत जास्त न वाचता पसरलं आहे. माझ्या हातून सुटलेली ही गोष्ट आता मला परत बोलावता येत नाही.

तर त्या दिवशी आम्ही दोघी बसलो. ती म्हणाली, अर्ध्या तासाऐवजी तहकूब सभा दुसऱ्या दिवशी ठेवू. मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी ती कधी आहे ते न आलेल्यांना कळणार कसं? ज्यांना पहिल्या दिवशी येता आलं नाही त्यांना दुसऱ्या दिवशीही त्याच कामाला जायचं असतं. मग मी सुचवलं, पुढचा रविवार. मला वाटलं, झालं, हे इतकं सोपं होतं.

तिने मान हलवली. "रविवारी आया नदीवर असतात."

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात रविवारी खडवलीला मुंबईकडची माणसं नदीवर लोटतात, हे मी दर आठवड्याला पाहते. तिची आई तिथे मक्याची कणसं विकते, आणखी चौघी-पाच जणी भजी आणि चहा. आठवड्याची कमाई त्या एका दिवसाची. मी एकोणतीस वर्षं रविवार म्हणजे सुट्टीचा वार धरून सभांच्या तारखा घातल्या, कारण मला आणि वकीलसाहेबांना रविवारी सुट्टी असायची.

मग गणपूर्तीचा आकडा घेतला. तहकूब सभेलाही कमीत कमी सात जणी हव्यात असं घालू, म्हटलं. सातच का, तिने विचारलं. संस्था जन्माला घालायला कायद्याला सात माणसं लागतात, निदान तेवढी तरी सभेला असावीत. तिला ते पटलं, मलाही लिहिताना बरं वाटलं. पण वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली तर 1860 च्या कायद्याच्या पंधराव्या कलमाने मत देता येत नाही, सभासदांत मोजताही येत नाही. पावसाळ्यात पाड्यावर कोणाच्या हातात पैसा असतो? मोजायला गेलं तर सात उरणार नाहीत. वर्गणी वर्षातून एकदाच, दिवाळीनंतर भात विकल्यावर घ्यायची, असं तिने तिथल्या तिथे आठव्या कलमात लिहिलं. एवढ्या वर्षांत मी वर्गणीचं कलम शेतीच्या हिशोबाने कधी लिहिलं नव्हतं.

तिने वही पुढे ओढली आणि सतराव्या कलमात वार-वेळेची जागा मोकळी सोडून मला वाचून दाखवलं: तहकूब सभा अमुक दिवसांनी, अमुक वारी, अमुक वाजता. सभासदांपैकी किमान सात हजर. त्याच विषयांसाठी. शेवटचे शब्द तिने ठेवले होते, आणि त्याचा मला आनंद झाला, हे लपवत नाही.

"आणि सातही आल्या नाहीत तर?" मी विचारलं.

"मग कोणाच्या तरी घरी जाऊन विचारायचं, का नाही आलीस."

"हे घटनेत कसं लिहिणार?"

ती विचार करत बसली. मीही. बाहेर पाऊस लागला होता, कसाऱ्याकडे जाणारी एक गाडी गेली, तिचा आवाज घरापर्यंत येतो. शेवटी ती म्हणाली, वार आणि वेळ आपण नको ठरवायला. तेवीस जणींना विचारू. पण त्यातल्या आठ जणी लावणीला गेल्यात, त्या परत आल्या की मग बसू. तोपर्यंत ती जागा मोकळीच राहू दे.

वही माझ्या टेबलावर आहे.